नॉर्वेच्या एका म्हाताऱ्या डिस्ट्रॉयरचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या आरमाराने नेमकं काय केलं, हा विषय कुठेही निघाला की बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, 9 एप्रिल 1940 ला जर्मन उतरले, 10 जूनला सगळं आटोपलं, राजा हाकोन आणि त्याचं सरकार लंडनला गेलं, आणि मग पाच वर्षं काय केलं तर ब्रिटिशांच्या उसन्या जहाजांवर आपला झेंडा लावून फिरले, पाणबुड्या बुडवल्या किती तर बोटांवर मोजाव्यात एवढ्या, म्हणजे सगळं नावापुरतंच. दुसरी बाजू लगेच उसळून 'स्टोर्ड'चं नाव काढते. 26 डिसेंबर 1943, नॉर्थ केपची लढाई, शार्नहोर्स्टसारख्या अवाढव्य जर्मन युद्धनौकेच्या पार अंगावर जाऊन टॉर्पेडो सोडणारा नॉर्वेचा डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटी वेगवान युद्धनौका, आता बोला! आणि मग तासन्‌तास कोणी कोणाला कधी बुडवलं याच्या याद्या सुरू. एकमेकांचं कोणी ऐकत नाही आणि मजा म्हणजे दोघांची मोजपट्टी मात्र एकच असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. ही मोजपट्टीच चुकीची आहे. कॉन्व्हॉय म्हणजे व्यापारी जहाजांचा ताफा, त्याच्याबरोबर राखणीला जाणाऱ्या एस्कॉर्ट जहाजाचं काम शत्रूला मारणं हे नव्हतंच. मारलं तर उत्तम, पण काम एकच, मधली व्यापारी जहाजं सुखरूप बंदराला लावायची. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून रात्रभर हाकारे घालणाऱ्याला सकाळी कोणी विचारत नाही किती रानडुकरं मारलीस, विचारतात कणसं शाबूत आहेत ना. या मापाने बघितलं तर नॉर्वेच्या एस्कॉर्ट जहाजांचं काम नावापुरतं ठरत नाही, आणि ते पटवायला स्टोर्डची गरजही लागत नाही. उलट स्टोर्ड थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि एखादं कंटाळवाणं, कुरूप, थकलेलं जहाज घेऊन बघावं, तिथे खरी परीक्षा होते.

मी 'सेंट ऑल्बन्स' घेतो. हे जहाज मूळचं अमेरिकन, नाव यूएसएस थॉमस, 1918 मध्ये पाण्यात उतरलेलं, चार धुराड्यांचं, पहिल्या महायुद्धासाठी घाऊक भावात बांधलेल्या डिस्ट्रॉयरपैकी एक. ते युद्ध संपलं आणि यातली कितीतरी जहाजं वर्षानुवर्षं नुसती बांधून ठेवली गेली. सप्टेंबर 1940 मध्ये रूझवेल्टने अशी 50 जहाजं ब्रिटनला दिली आणि त्या सौद्यात अमेरिकेला अटलांटिक-कॅरिबियनमधल्या ब्रिटिश मुलखात 99 वर्षांच्या लीजवर तळ मिळाले. ब्रिटनला तेव्हा तरंगणारं काहीही चाललं असतं म्हणून घेतली, नाहीतर ही जहाजं म्हणजे डोक्याला तापच होता, अरुंद, अटलांटिकच्या लाटांत बेफाम डोलणारी, आणि वळायला एवढा मोठा घेरा लागायचा की जहाज वळेपर्यंत पाणबुडी भलतीकडेच गेलेली असायची. ब्रिटिशांकडे माणसं अपुरी, नॉर्वेकडे खलाशी भरपूर पण जहाजं नाहीत. म्हणून एप्रिल 1941 पासून सेंट ऑल्बन्सवर नॉर्वेचे खलाशी आले. बाथ, लिंकन, मॅन्सफील्ड आणि न्यूपोर्ट ही अशीच आणखी चार. यातलं बाथ तर चारेक महिन्यांतच, ऑगस्ट 1941 मध्ये, जिब्राल्टरकडे निघालेल्या ओजी 71 या ताफ्याची राखण करताना यू-204 या जर्मन पाणबुडीने (यू-बोटीने) बुडवलं, कप्तानासकट बहुतेक सगळे गेले. म्हणजे 'नुसता झेंडा लावून फिरत होते' असं म्हणणाऱ्याने निदान ते कुठल्या पाण्यात फिरत होते हे तरी बघावं.

आता स्कोअरबोर्डची गंमत बघा. 3 ऑगस्ट 1941, एसएल 81 हा ताफा आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून ब्रिटनकडे चाललेला, आयर्लंडच्या नैऋत्येला सेंट ऑल्बन्स आणि दोन ब्रिटिश जहाजं, डिस्ट्रॉयर वाँडरर आणि कॉर्व्हेट (छोटं एस्कॉर्ट जहाज) हायड्रेंजिया, यांनी मिळून यू-401 ला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकून बुडवलं. पाणबुडीची पहिलीच फेरी होती, वरचे सगळे 45 जण तिच्याबरोबर तळाला गेले. त्याच दिवशी याच ताफ्यासाठी आलेल्या मॅपलिन नावाच्या जहाजावरून कॅटापल्टने उडवलेल्या एका हरिकेन विमानाने टेहळणीला आलेलं मोठं जर्मन कोंडोर विमान पाडलं, असं यश पहिल्यांदाच मिळालं होतं. यादीवाल्यांच्या हिशोबात हा झकास दिवस, दोन विकेट, शून्य नुकसान. आणि दोनच दिवसांनी, 5 ऑगस्टला, यू-बोटींनी याच एसएल 81 मधली पाच व्यापारी जहाजं बुडवली. मग सांगा, हा ताफा यशस्वी की अयशस्वी? जो माणूस फक्त बुडवलेल्या पाणबुड्या मोजतो त्याच्या वहीत सेंट ऑल्बन्सची ही सगळ्यात चांगली कामगिरी, आणि ज्या पाच जहाजांवरची माणसं पाण्यात पडली त्यांच्या दृष्टीने ही फेरी पूर्ण फसलेली. एकाच ताफ्यातून दोन उलटे निकाल निघत असतील तर मोजपट्टीकडे संशयाने बघायला नको का?

यावर कोणी म्हणेल हे सगळं आत्ता बसून सुचलेलं शहाणपण आहे. तसं नाहीये, हा घोळ युद्ध चालू असतानाच लक्षात आला होता. भूमध्य समुद्रात जाणाऱ्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या, महागड्या, वर त्या चालवायला शिकवलेली माणसं. काही काळाने आकडे काढले तर हल्ला करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम 4 टक्के पाडली जात होती. झालं, तोफा काढून दुसरीकडे लावा असा सूर निघाला. मग कोणीतरी सरळ प्रश्न विचारला, जहाजांचं काय झालं? तर तोफ नसलेली जहाजं हल्ल्यात 25 टक्के बुडाली होती आणि तोफ चालवणारी 10 टक्के. विमानं पडत नव्हती, पण तोफेच्या धाकाने वैमानिक जवळ येत नव्हता, नेम चुकत होता. तोफ नेमून दिलेलं काम चोख करत होती, फक्त मोजणारे भलतंच मोजत होते. पुढे पॅट्रिक ब्लॅकेट नावाचा भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटिश नौदल खात्यात हेच करत बसला, ताफा मोठा केला तर नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही आणि एस्कॉर्ट वाढवले तर नुकसान घटतं, हे त्याच्या गटाने आकड्यांवरून दाखवलं. एस्कॉर्ट वाढवल्याने नुकसान घटतं, एवढं वाक्य मान्य केलं की सेंट ऑल्बन्ससारख्या जहाजाचं कोडं सुटतं, कारण ते जहाज नसतं तर त्या घेऱ्यात एक भोक असतं आणि पाणबुडीला तेवढंच हवं असतं.

पण समोरच्याचा यापेक्षा चांगला मुद्दा आहे तो टाळून चालणार नाही. तो म्हणतो, 'काहीच झालं नाही' याचं श्रेय राखणदाराला देणं फार सोपं आहे, कदाचित चोर त्या रात्री आलाच नव्हता. अगदी बरोबर. बरेच ताफे असे गेले की त्यांना एकही पाणबुडी दिसली नाही, आणि त्याचं कारण एस्कॉर्ट नव्हतं, कारण होतं फोडलेले जर्मन संदेश आणि त्यावरून बदललेला रस्ता, किंवा नुसता धुक्याचा दिवस. म्हणून एखाद्या एका ताफ्याकडे बघून 'वाचला, म्हणजे एस्कॉर्टने वाचवला' असं कोणी म्हणत असेल तर मीही ते मानणार नाही. मात्र इतिहासाने राखण काढून घेतल्यावर काय होतं हेही दाखवून ठेवलंय, एकदा नाही, दोनदा, आणि तेही एकाच वर्षी. जानेवारी 1942 पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजं ताफ्याशिवाय एकेकटी जात होती आणि जर्मन पाणबुड्यांनी तिथे अक्षरशः धुमाकूळ घातला, मे महिन्यात किनाऱ्यालगत कॉन्व्हॉय सुरू झाले तशा त्याच पाणबुड्या मेक्सिकोच्या आखाताकडे आणि कॅरिबियनकडे सरकल्या, जिथे अजून राखण नव्हती तिथे. दुसरं उदाहरण रशियाला जाणाऱ्या पीक्यू 17 या ताफ्याचं. 4 जुलै 1942 ला लंडनहून हुकूम आला, टिर्पिट्झ ही अवाढव्य जर्मन युद्धनौका बाहेर पडलीये अशा भीतीने, एस्कॉर्ट मागे घ्या आणि ताफा पांगवा. 35 जहाजं निघाली होती, 24 गेली, बहुतेक सगळी पांगल्यानंतर. टिर्पिट्झ त्यांच्यापर्यंत आलीच नाही. तोच समुद्र, त्याच पाणबुड्या, तीच विमानं, फरक काय तो राखणीचा.

आणि त्याच रस्त्यावर दोनच महिने आधी पीक्यू 15 गेला होता, त्यात सेंट ऑल्बन्स होतं. 25 व्यापारी जहाजं निघाली, तीन जर्मन विमानांच्या हल्ल्यात गेली, 22 मुर्मान्स्कला पोचली. माझ्या मापाने ही बरी फेरी. पण इथेच समोरच्या बाजूचा सगळ्यात जड दगड पडलेला आहे, आणि नॉर्वेचं कौतुक करणारे तो हळूच ओलांडून जातात ते मला अजिबात पटत नाही.

2 मे 1942 ला नॉर्वेच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स आणि ब्रिटिश माइनस्वीपर (सुरुंग काढणारं जहाज) सीगल यांना पाण्याखाली पाणबुडी लागली. डेप्थ चार्ज टाकले, पाणबुडी वर आली, तिच्यावर गोळीबार झाला. ती होती यास्त्शोंब, पोलंडच्या आरमाराची, म्हणजे मित्राची, आणि कडू भाग असा की ती याच पीक्यू 15 च्या रक्षणासाठी तिथे गस्तीला पाठवलेली होती, मोठी जर्मन जहाजं बाहेर पडली तर अडवायला. पाच जण मेले, कमांडर रोमानोव्स्कीसकट सहा जखमी झाले, आणि पाणबुडीची अवस्था अशी होती की माणसं उतरवून ती बुडवून टाकावी लागली. पिवळ्या धुराची ओळखीची खूण तिने केली होती. चौकशी झाली, हल्ला करणाऱ्या जहाजांच्या कप्तानांवर ठपका ठेवला गेला नाही, कारण यास्त्शोंब आपल्या नेमून दिलेल्या जागेपासून खूप लांब, सुमारे शंभर मैलांच्या आसपास भरकटली होती.

यातलं काय मान्य करायचं आणि काय नाही? पाण्याखाली असेपर्यंत जे झालं त्यात सेंट ऑल्बन्सला दोष देणं मला तरी कठीण वाटतं. अॅस्डिक म्हणजे आवाजाची लहर सोडायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, त्या प्रतिध्वनीला झेंडा नसतो. त्या काळात आपली पाणबुडी आपल्याच जहाजांपासून वाचवायचा एकच भरवशाचा उपाय होता, तिला एक चौकोन आखून द्यायचा आणि आपल्या जहाजांना सांगायचं तिकडे जाऊ नका. दिवसच्या दिवस ढगाळ, ना सूर्य ना तारे, त्यामुळे यास्त्शोंबला आपली जागा नीट काढता आली नाही आणि ती चौकोनाबाहेर गेली, तीही मुद्दाम नाही. बरं, एस्कॉर्टने थांबून विचार करावा तर त्याच थांबण्यात टॉर्पेडो सुटतो आणि मागचं दारूगोळ्याने भरलेलं जहाज जातं. पण पाणबुडी वर आल्यानंतरची जी काही मिनिटं आहेत, धुराची खूण झाल्यावरही बंदुका चालू राहिल्या ती, त्यांचं समर्थन मी करणार नाही. चौकशीने ठपका ठेवला नाही म्हणजे चूक झाली नाही असं होत नाही, आणि पोलिश बाजूला हे कायम डाचत राहिलं असेल तर ते साहजिक आहे. माझा मुद्दा वेगळाच आहे. यास्त्शोंबमुळे सेंट ऑल्बन्स 'निकामी' ठरवणारा माणूस पुन्हा तीच यादी वापरतोय, फक्त या वेळी आकडा उणे लिहितोय. त्या पाच माणसांचा हिशोब स्वतंत्र आहे, तो 22 जहाजांमधून वजा करता येत नाही आणि 22 जहाजांनी फिटतही नाही.

आता उसन्या जहाजांचा मुद्दा. खरंय, जहाजं ब्रिटिशांनी दिलेली, हुकूम ब्रिटिश कमांडचे, सामान, तेल, दुरुस्ती सगळं ब्रिटिश गोदीत. 1940 च्या जूनमध्ये नॉर्वेच्या आरमाराची 13 जहाजं आणि सुमारे 500 माणसं ब्रिटनला पोचली होती, एवढ्यावर कुठलं आरमार उभं राहतं? पण इथे एक गोष्ट लोक साफ विसरतात ती म्हणजे पैसा. नॉर्वेचं व्यापारी आरमार जगातल्या सगळ्यात मोठ्या ताफ्यांपैकी एक होतं आणि त्यातली जर्मनांच्या हाती न लागलेली सुमारे हजार जहाजं लंडनमधल्या सरकारने नॉर्ट्राशिप नावाच्या एका संस्थेखाली आणली. त्यांच्या भाड्यातून परागंदा सरकारचा आणि त्याच्या सैन्याचा खर्च निघत होता. म्हणजे जहाज उसनं असेल, त्यावरचा पगार दान नव्हता. आणि ज्या व्यापारी जहाजांच्या कमाईतून आरमार चाललं होतं त्याच व्यापारी जहाजांच्या कडेने ते आरमार गस्त घालत होतं. यात परावलंबन कुठे दिसतं तेवढं दाखवा.

कॉर्व्हेटच्या बाबतीत तर 'उसनं' हा शब्दच विनोदी वाटतो. फ्लॉवर क्लास कॉर्व्हेट म्हणून ज्या छोट्या जहाजांनी अटलांटिक सांभाळला त्यांचा आराखडा स्मिथ्स डॉक या ब्रिटिश कारखान्याने देवमासे मारणाऱ्या आपल्या एका बोटीवरून काढला होता. आणि देवमाशांची शिकार हा तर नॉर्वेवाल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात असल्याच बोटींवर राबलेली माणसं तिथे होती. अशा चार कॉर्व्हेट, पोटेंटिला, एग्लंटाइन, मॉन्टब्रेशिया आणि रोझ, नोव्हेंबर 1942 मध्ये ओएनएस 144 या अमेरिकेकडे परत जाणाऱ्या ताफ्याबरोबर होत्या, पाचवी व्हर्वेन ही ब्रिटिश. बास. एकही डिस्ट्रॉयर नाही. पाच छोट्या बोटी, ज्यांचा वेग पाण्यावरून पळणाऱ्या यू-बोटीपेक्षाही कमी, आणि समोर पाणबुड्यांचा कळप. पाच व्यापारी जहाजं गेली, 18 नोव्हेंबरला यू-262 ने मॉन्टब्रेशियालाही बुडवलं आणि तिच्यावरची निम्म्याहून जास्त माणसं गेली. बाकीचा ताफा पार झाला. इथे 'नावापुरतं' कोण म्हणतंय? त्या ताफ्याच्या राखणीतून नॉर्वे वजा केला तर एक बोट उरते.

शिवाय याच लढाईत पोटेंटिलाच्या खात्यावर यू-184 ही पाणबुडी बुडवल्याची नोंद झाली. वर्षानुवर्षं ती यादीत होती, नॉर्वेवाले अभिमानाने सांगायचे. नंतर अभ्यासकांनी कागद परत तपासले आणि आता ती पाणबुडी 'बेपत्ता, कारण अज्ञात' अशी लिहिली जाते. झालं, यादीतला आकडा एकाने घसरला. पण त्या रात्री ताफ्याच्या कडेला पोटेंटिलाने जे केलं त्यात या दुरुस्तीने तसूभर तरी फरक पडला का? ज्या जहाजाचं मोल पन्नास वर्षांनी कोणीतरी तळटीप बदलली म्हणून खाली येतं, ते मोल आधीच चुकीचं काढलेलं होतं असं मी म्हणेन.

नॉर्वेच्या आत जो तिसरा आक्षेप ऐकू येतो तो मला सगळ्यात जास्त पटतो. तो असा की एस्कॉर्टवाल्यांचं पुरे झालं, खरी किंमत व्यापारी खलाशांनी मोजली आणि त्यांनाच विसरलात. सुमारे 3,700 नॉर्वेजियन व्यापारी खलाशी युद्धात मेले. आरमाराचे 933. ब्रिटनच्या तेलाचा मोठा वाटा नॉर्वेच्या टँकरवरून येत होता, आणि टँकरला टॉर्पेडो लागला तर पोहायला पाणीसुद्धा मिळत नाही, आजूबाजूला सगळी आग असते. या खलाशांचे पगार ब्रिटिश खलाशांच्या पातळीवर आणले गेले आणि फरकाचे पैसे एका गुप्त फंडात ठेवले, युद्धानंतर त्यांना वाटलं ते आपल्याला मिळतील, नाही मिळाले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. 1972 मध्ये संसदेने समुद्रावर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे 180 क्रोनर दिले, तोपर्यंत कितीतरी जण दारूत आणि भयाण स्वप्नांत संपून गेले होते. सरकारने अधिकृत माफी मागितली ती 2013 मध्ये. हे सगळं वाचून गणवेशातल्या माणसाचं कौतुक ऐकताना कोणाचं डोकं फिरलं तर मी समजू शकतो.

पण याचं उत्तर एस्कॉर्टला खाली ओढणं हे नाहीये. उलट हा अन्याय झाला तो याच यादीच्या सवयीमुळे. बुडवलेलं मोजायची सवय लागली की नॉर्थ केपचा वीर वर जातो, सेंट ऑल्बन्स खाली जातं, आणि ज्याने कधी एक गोळीही झाडली नाही तो टँकरवरचा स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा, तर यादीत येतच नाही, त्याच्या नावापुढे लिहिणार काय? पोचलेलं मोजायला लागलो तर तोच स्टोकर पहिल्या ओळीत येतो आणि एस्कॉर्ट त्याच्या शेजारी. म्हणून मला 'आरमार विरुद्ध व्यापारी खलाशी' हे भांडणच खोटं वाटतं.

आणि या मोजणीशी आपलाही संबंध आहे, ओढूनताणून नाही, खराखुरा. एसएल ताफ्यांमध्ये हिंदुस्थानातून आफ्रिकेला वळसा घालून आलेली ब्रिटिश जहाजं असायची आणि ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर कोकणातले, रत्नागिरीकडचे खलाशी, गोव्याचे स्ट्यूअर्ड आणि स्वयंपाकी, पूर्व बंगालचे इंजिनरूमवाले हे नेहमीचंच होतं. बंदुक हातात नाही, पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी पटीने कमी, आणि टॉर्पेडो मात्र सगळ्यांना सारखाच. हिंदी व्यापारी जहाजी नोकरीतले जवळपास 6,000 जण त्या युद्धात गेले, मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे आणि त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत असेल देव जाणे. आपल्याकडे महायुद्धातल्या पराक्रमाचा विषय निघाला की इंफाळ-कोहिमा, इटली, टोब्रुक. बरोबरच आहे. पण अटलांटिकमध्ये जहाजाच्या पोटात कोळसा ओढणारा माणूस कुठल्याच पराक्रमाच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्याने कोणाला काही केलंच नाही, तो फक्त माल घेऊन पोचला किंवा पोचला नाही.

कोणी म्हणेल पोचलेलं मोजणं हे फार बचावात्मक झालं, युद्ध काय नुसती राखण करून जिंकतात का? हा वाद तर 1917 मध्येच झालाय आणि तेव्हाही नॉर्वे मध्ये होता. ब्रिटिश नौदल खातं कॉन्व्हॉयला बराच काळ तयार नव्हतं, ताफ्यामागे हिंडणं म्हणजे कमीपणा, शूर जहाजांनी शत्रूला शोधून मारावं ही वृत्ती. त्या एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं जगभरात बुडाली आणि मग अक्कल आली. सुरुवातीच्या ताफ्यांमध्ये नॉर्वे ते शेटलंडमधलं लर्विक हा मार्ग होता. आता हेही सांगतो की त्याच मार्गावर 17 ऑक्टोबर 1917 ला ब्रुमर आणि ब्रेम्झे या दोन जर्मन क्रूझर्सनी मेरी रोझ आणि स्ट्राँगबो हे दोन्ही ब्रिटिश डिस्ट्रॉयर बुडवून बारापैकी नऊ तटस्थ व्यापारी जहाजं मारली, म्हणजे राखण कधीकधी पूर्ण हरते. तरी कॉन्व्हॉय बंद केले का? नाही केले, कारण एकूण नुकसान उतरायला लागलेलं सगळ्यांना दिसत होतं. आणि बचावात्मक म्हणाल तर पाणबुडी शोधायची सगळ्यात खात्रीची जागा ताफ्याच्या भोवतीच असते, तिला शेवटी तिथेच यावं लागतं. 1943 च्या मेमध्ये जर्मन पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं तेही मोठ्या प्रमाणात ताफ्यांच्या आसपासच, रिकाम्या समुद्रात शोधमोहिमा काढून नव्हे.

स्टोर्डकडे मी दुर्लक्ष करतोय असं वाटत असेल तर तेही घ्या. कप्तान स्टोरहाइल आणि त्याच्या माणसांनी त्या अंधारात जे केलं ते अचाट होतं, त्यात शंका नाही. शार्नहोर्स्टवरच्या 1,968 पैकी 36 जण वाचले, एवढी ती लढाई निर्णायक. पण शार्नहोर्स्ट तिथे आलीच कशाला होती? जेडब्ल्यू 55बी हा रशियाला जाणारा ताफा मारायला. 19 व्यापारी जहाजं. लढाईच्या प्रत्येक वर्णनात कोणी कुठून किती टॉर्पेडो सोडले ते अंतरासकट असतं, ताफ्याचं काय झालं ते बहुतेकदा एका ओळीत किंवा तेही नाही. त्यातलं एकही जहाज गेलं नाही, सगळी पोचली. स्टोर्डचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही ओळ आधी सांगितली तर माझी काहीच तक्रार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, माझ्याच मापाने सेंट ऑल्बन्स कुठे बसतं? खरं सांगायचं तर फार वर नाही. एसएल 81 मध्ये पाच जहाजं गेली, पीक्यू 15 बरा गेला पण यास्त्शोंब त्याच फेरीत, आणि बाकीचा बराचसा वेळ खराब हवेत, बिघडलेल्या यंत्रांवर, काहीच न घडलेल्या ताफ्यांच्या कडेने. शिवाय एकट्या जहाजाला असं श्रेय देताच येत नाही, घेरा सगळ्यांचा मिळून असतो, आणि त्यात म्हातारं जहाज ठेवलं म्हणजे चांगलं जहाज दुसरीकडे पाठवता येतं, हाही हिशोब त्यात धरावा लागेल. जुलै 1944 मध्ये ब्रिटिशांनी ते सोव्हिएत आरमाराला दिलं, नाव पडलं दोस्तोयनी, अमेरिकन, ब्रिटिश, नॉर्वेजियन यानंतर चौथा झेंडा. तिथेही त्याने उत्तरेच्या समुद्रात एस्कॉर्टचंच काम केलं, 1949 मध्ये परत आलं आणि त्याच वर्षी भंगारात गेलं.